पुण्यात मुलांच्या पोटगीचा अर्ज: पहिल्या कागदापासून वसुलीपर्यंत

अर्जाच्या पहिल्या पानावर मुलाचं नाव अर्जदार म्हणून आहे का, ते आधी बघा. पोटगी म्हणजे बायकोला नवऱ्याकडून मिळणारे पैसे आणि मुलाचं त्यातच भागवायचं, असा अनेकांचा समज असतो. कायद्यात मूल स्वतंत्र हक्कदार आहे. म्हणून मथळ्यात अर्जदार क्र. १ म्हणून आईचं नाव आणि त्याखाली ‘अर्जदार क्र. २, वय ८, अज्ञान, अ.पा.क. आई’ अशी ओळ हवी. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. सातबाऱ्यावर दिसतात तीच ही अक्षरं. ही ओळ नसेल आणि उद्या न्यायालयाने म्हटलं की आई कमावती आहे, तिला पोटगीची गरज नाही, तर मुलाचा आकडाही त्याच निकालात वाहून जाण्याची भीती असते. ओळ असेल तर आईची मागणी फेटाळली तरी मुलाची उभी राहते.

हक्क कोणाचा, किती वयापर्यंत

मुख्य कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलला, आशय जवळपास तोच राहिला. कोर्टाच्या आवारात आजही सर्रास ‘एकशेपंचवीस’च ऐकू येईल, गोंधळू नका. हे कलम सर्व धर्मांना लागू आहे. आईवडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क जात नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत तो असतोच. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं भागवू न शकणाऱ्या मुलाला अठरानंतरही मिळतो, मात्र लग्न झालेल्या मुलीला या अपवादाखाली नाही.

हिंदूंसाठी हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ यातलं कलम २० आणखी पुढे जातं. तिथे जबाबदारी वडिलांवर आहे तशी आईवरही आहे. शिवाय अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून भागवू शकत नसेल तर वयाची अठराची रेघ आड येत नाही. फक्त सज्ञान मुलीने १२५ म्हणजे आताच्या १४४ खाली न जाता या कलम २० खाली जायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. चुकीच्या दारात गेल्यामुळे दोन-दोन वर्षं वाया जातात ती इथेच. मुस्लिम मुलांबाबत, १९८६ च्या कायद्यात घटस्फोटित आईला मुलासाठी दोन वर्षांपर्यंतच रक्कम मिळते म्हणून मुलाचा हक्कही तिथेच संपतो, असं सांगणारे भेटतात. ते खोटं आहे. १९९७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मुलाचा १२५ चा हक्क वेगळा आणि सज्ञान होईपर्यंतचा धरला आहे.

‘मूल माझं नाहीच’ असा पवित्रा घेतला गेला तर घाबरून लगेच चाचणीला होकार देऊ नका. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो, आणि नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं हे दाखवल्याशिवाय ते गृहीतक हलत नाही. बापाच्या शंकेखातर मुलाची डीएनए चाचणी सरसकट करू नये, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं आहे.

चार दारं, त्यातलं कुठलं

वेगळं राहत असाल, घटस्फोटाचं अजून ठरलं नसेल, तर कलम १४४ चा अर्ज हा सरळ रस्ता. घटस्फोट किंवा नांदायला येण्याचा दावा आधीच चालू असेल तर त्याच दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाचा खर्च, शिक्षण आणि ताबा मागता येतो; वेगळी फाइल लागत नाही. मारहाण, छळ, घराबाहेर काढणं असं काही घडलं असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ चा विचार करा. त्यातल्या कलम २० मध्ये आई आणि मुलं दोघांच्या खर्चाचा आदेश होतो आणि त्याच अर्जात राहायच्या जागेचं व तात्पुरत्या ताब्याचंही मागता येतं. हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. चौथं दार म्हणजे वर आलेलं हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २०.

सगळीकडे एकदम अर्ज टाकायचा सल्ला मिळेल. टाकता येतात, पण एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी वजा होते आणि आधीचा अर्ज लपवला तर न्यायाधीशांचा विश्वास उडतो तो कायमचा. एकच अर्ज नीट चालवणं तीन अर्धवट चालवण्यापेक्षा बरं. हिंसाचाराचा भाग नसेल तर आमची पसंती १४४ ला, कारण वसुलीचा दट्ट्या त्यात जास्त आहे.

हद्दीचा प्रश्न आईच्या बाजूने सोपा आहे. वडील नाशकात किंवा बंगळुरात असले तरी आई मुलासह पुण्यात राहत असेल तर १४४ चा अर्ज पुण्यात चालतो. माहेरी आलात तरी तोच नियम. फक्त इथे राहत असल्याचा कागद जोडा. पुण्याचं कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरला, जिल्हा न्यायालयाजवळ आहे. मेट्रोने येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरावं. लोक अजून त्याला सिव्हिल कोर्टच म्हणतात. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीबाहेरच्या तालुक्यांत हाच अर्ज तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा.

पोलिसांचा भरोसा सेल समजूत घालू शकतो, तक्रार घेऊ शकतो, पण पोटगीची रक्कम ठरवू शकत नाही. तिथे पाच-सहा बैठका घालवून मग कोर्टात येणाऱ्यांचं नुकसान होतं, कारण रक्कम मोजली जाते ती कोर्टात अर्ज दाखल झाल्यापासून.

वकील आणि खर्च

स्त्रिया आणि मुलं यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे; तिथे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि प्रकरणाची दोन ओळींत माहिती घेऊन जा. फोन करायचा तर १५१००. पोटगीच्या कामात महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. कोणी कोर्ट फीच्या नावाखाली हजारोंचा आकडा सांगितला तर पावती मागा.

कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा हक्क नसून न्यायालयाच्या परवानगीचा भाग आहे. परवानगी सहसा मिळते. स्वतः उभं राहूनही काम चालवता येतं. अंतरिम अर्जापर्यंत, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या पोटगीच्या अर्जापर्यंत, नीट कागद असलेली व्यक्ती स्वतः चालवू शकते. साक्ष आणि उलटतपासणी सुरू झाली की मात्र वकील हवाच.

फाइल तयार करणं

एक जाड फोल्डर घ्या आणि पुढच्या क्रमाने लावा: मुलाचा महापालिकेचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि फोटो), शाळेचा बोनाफाइड, फीच्या पावत्या, व्हॅनवाल्याची किंवा पाळणाघराची पावती, दवाखान्याची बिलं आणि लसीकरणाचं कार्ड, भाडेकरार, वीज-गॅसची बिलं, तुमच्या सगळ्या बँक खात्यांचे तीन वर्षांचे उतारे, नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि आयकर विवरणपत्रं. प्रत्येकाच्या तीन प्रती: एक कोर्टाला, एक समोरच्याला, एक स्वतःला. मूळ कागद साक्षीच्या वेळी दाखवायचे, आधी देऊन टाकायचे नाहीत.

अडचण येते ती रोखीच्या खर्चाची. व्हॅनवाले काका पावती देत नाहीत, शिकवणीच्या ताई रोख घेतात. अशांना पुढच्या महिन्यापासून यूपीआयने पैसे द्या आणि शेऱ्यात ‘व्हॅन, जून’ असं लिहा. तीन महिन्यांत तुमचा बँकेचा उताराच पावती होतो.

आकडा कसा काढायचा

‘दरमहा पन्नास हजार’ असा गोल आकडा अर्जात टाकला की समोरच्या वकिलाचं काम सोपं होतं. तो उलटतपासणीत एकच प्रश्न विचारतो: कशाकशाचे? म्हणून आकडा पावत्यांतून वर यायला हवा. कोथरूडला भाड्याने राहणारी आई आणि तिसरीतलं मूल घेऊन एक नमुना मांडू. रुपये तुमचे वेगळे असतील, रीत हीच.

शाळेची फी वर्षाला ७२,००० म्हणजे महिन्याला ६,०००. व्हॅन १,८००. पुस्तकं, गणवेश, बूट, सहल वर्षाला १२,०००, म्हणजे १,०००. दूध, किराणा, भाजी, डबा यातला मुलाचा वाटा ५,०००. शिकवणी किंवा एखादा छंदवर्ग १,५००. औषधपाणी ८००. घरभाडं १८,०००, राहणारी माणसं दोन, म्हणून मुलाच्या नावे ९,०००. वीज, गॅस, इंटरनेटचा निम्मा भाग १,२००. कपडे ७००. आई नोकरीला जाते म्हणून शाळेनंतरचं पाळणाघर ४,०००. बेरीज ३१,०००.

भाड्याची ओळ लोक हमखास विसरतात. मुलाला छप्पर लागतं, आणि निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार हे पाचही आहेत. माहेरी राहता म्हणून भाडं शून्य असेल तर तसं सांगा, पण आजी-आजोबांना घरखर्चासाठी दरमहा जे देता ते लिहा.

आता वाटणी. आईला हातात ४५,००० आणि वडिलांना ९०,००० येत असतील तर प्रमाण एकास दोन. ३१,००० चे तीन भाग केले तर वडिलांकडे दोन भाग, म्हणजे सुमारे २०,७००. हे सूत्र कायद्यात लिहिलेलं नाही. पण दोघे कमावते असताना मुलांचा खर्च कमाईच्या प्रमाणात दोघांनी उचलावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका प्रकरणात केलेलं आहे आणि तिथलं प्रमाणही दोनास एकच होतं. ‘पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात’ असं ऐकू येतं ते बायकोच्या पोटगीबद्दलच्या एका निकालातून आलं आहे. मुलासाठी ठरलेले टक्के नाहीत.

समोरच्याचं उत्पन्न

हा भाग जितका मजबूत तितका अर्ज मजबूत. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावंच लागतं. (हे प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं होतं.) नमुना निकालालाच जोडलेला आहे. नोकरदार-व्यावसायिकांसाठी जोडपत्र १, शेतीवर जगणाऱ्यांसाठी जोडपत्र २. हिंजवडीतल्या माणसाला पहिलं, मुळशीत भातशेती करणाऱ्याला दुसरं. वकिलाने घाईत चुकीचं जोडपत्र भरलं तर पुन्हा तारीख पडते.

स्वतःचं शपथपत्र प्रामाणिकपणे भरा. बंद पडलेलं खातं, आईसोबतचं संयुक्त खातं, भिशी, सोनं, सगळं. आपण एक खातं दडवलं आणि ते उलटतपासणीत निघालं तर मुलाचा खरा खर्चही संशयात जातो. खोट्या शपथपत्रावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली कारवाई होऊ शकते, आणि ती दोन्ही बाजूंना लागू आहे.

वडिलांच्या बाजूची माहिती उघड दरवाजातून बरीच मिळते. महाभूलेखवर गाव आणि नाव टाकून सातबारा पाहता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर खरेदीखतं सापडतात. कंपनीत संचालक असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. भोसरी-चाकणच्या कामगाराबाबत मूळ पगार १८,००० आणि ओव्हरटाइम धरून ३०,००० असा फरक असतो, म्हणून एका महिन्याचं पगारपत्रक पुरत नाही, बारा महिन्यांची मागा. आयटीत उलट असतं: वार्षिक पॅकेज २४ लाख ऐकून महिन्याला दोन लाख धरू नका, त्यात बोनस, शेअर आणि कंपनीचा पीएफ मिसळलेला असतो. फॉर्म १६ हा खरा कागद.

तो तुमच्या हाती नसेल तर कंपनीकडून पगाराचा तपशील मागवण्याचा अर्ज न्यायालयात द्या. त्याचा ईमेल उघडू नका, बँकेच्या पासवर्डला हात लावू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुमच्यावरच गुन्हा यायचा.

पगारातून आयकर, व्यवसाय कर आणि सक्तीचा पीएफ वजा करून उरलेलं साधारणपणे धरलं जातं. गाडीचा हप्ता, वैयक्तिक कर्ज, स्वेच्छेने वाढवलेला पीएफ यांना न्यायालयं फारसं महत्त्व देत नाहीत. अर्ज दाखल झाल्यावर अचानक वाढलेली कर्जं तारखेनिशी दाखवून द्या. ‘नोकरी सुटली’ हे वाक्यही ठरलेलं आहे. धडधाकट, शिकलेल्या माणसाने हात बांधून बसून मुलाची जबाबदारी टाळू नये, मजुरी करूनही पोसावं, अशीच न्यायालयांची भूमिका राहिली आहे. नोकरी खरोखर गेली असेल तर वडिलांनी कार्यमुक्तीचं पत्र आणि नव्या नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे पुरावे लगेच जोडावेत.

दाखल केल्यापासून अंतरिम आदेशापर्यंत

१४४ च्या अर्जाला पुण्यात ‘ई पिटिशन’ म्हणतात, ताब्याच्या अर्जाला ‘डी पिटिशन’. फाइलिंगला गेलात की छाननीत त्रुटी निघतात: पान क्रमांक नाहीत, मुलाचं वय एका ठिकाणी आठ आणि दुसरीकडे नऊ, शपथपत्रावर तारीख नाही. त्या तिथल्या तिथे दुरुस्त करा. क्रमांक पडला की सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते.

मूळ अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम पोटगीचा अर्ज द्या. नंतर देऊ म्हणणाऱ्यांचे सहज चार-सहा महिने जातात. कायद्यात लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तो बहुतेक वेळा नोटीस बजावण्यातच जातो. बेलीफ गेला, घराला कुलूप, शेरा मारून नोटीस परत. म्हणून अर्जात घरचा पत्ता, कंपनीचा पत्ता, गावचा पत्ता, मोबाइल आणि ईमेल सगळं द्या. भाड्याच्या घरात वरच्या मजल्याचा की खालच्या, हेही लिहा. नोटीस मुद्दाम टाळतो आहे असं दिसलं तर न्यायालय एकतर्फी काम चालवू शकतं. पण एकतर्फी आदेश त्याला तीन महिन्यांच्या आत अर्ज करून रद्द करून घेता येतो, तेव्हा बजावणीचा पुरावा पक्का ठेवा.

हजर झाल्यावर समोरचा ‘से’ म्हणजे आपलं म्हणणं आणि शपथपत्र देतो. त्यासाठी चार आठवडे आणि जास्तीत जास्त दोन संधी, असं रजनेश निकालात आहे. तिसरी तारीख मागितली गेली तर तो परिच्छेद दाखवून रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नोंद करायला सांगा. मुद्दाम टाळाटाळ दिसली तर बचाव काढून टाकण्याचाही अधिकार न्यायालयाला आहे. मधे समुपदेशकाकडे पाठवतील. तिथलं बोलणं गोपनीय असतं, मोकळेपणाने बोला, पण पैशांबाबत जे ठरेल ते लेखी झाल्याशिवाय ठरलं असं समजू नका.

युक्तिवादाच्या वेळी एक मागणी विसरू नका: रक्कम अर्जाच्या तारखेपासून. रजनेश निकालानेच तसा नियम घालून दिला आहे. जानेवारीत अर्ज, नोव्हेंबरात १५,००० चा आदेश, तर दहा महिन्यांचे दीड लाख मागचे निघतात. आदेशात तारीख लिहिलीच नसेल तर रक्कम आदेशाच्या दिवसापासून धरण्याचा वाद निघतो.

आदेश होण्याआधीही वडिलांनी दरमहा काहीतरी बँकेतून मुलासाठी पाठवत राहावं, शेऱ्यात महिना लिहून. ते पैसे वजा होतात आणि न्यायाधीशांना माणूस कळतो. रोख दिलेलं, खेळण्यांत गेलेलं, मॉलमध्ये उडालेलं कोणी मोजत नाही.

पैसे आणि भेट, दोन वेगळे हिशेब

इथे दोन्ही बाजूंकडून सगळ्यात जास्त चुका होतात. पोटगी थकली म्हणून आई भेट बंद करते. भेट बंद झाली म्हणून वडील पोटगी थांबवतात. दोन्ही बेकायदा. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज, भेट अडली तर भेटीचा अर्ज. एकाचं उत्तर दुसऱ्याने दिलं की मूल मधे सापडतं आणि न्यायालयाची नाराजी दोघांवर.

ताबा आणि भेट ठरवताना न्यायालय आईवडिलांपैकी कोणाचा हक्क मोठा हे पाहत नाही, मुलाचं कल्याण पाहतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ तेच सांगतं. पाच वर्षांखालचं मूल साधारणतः आईजवळ, असं त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. ‘साधारणतः’ या शब्दाकडे लक्ष असू द्या. पुढे मुलाचं वय, प्रकृती, शाळा, भावंडं, कोण रोज डबा भरतं, आजारपणात रात्री कोण जागतं हे मोजलं जातं. समंजस वयाच्या मुलाचं मत पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम १७ प्रमाणे विचारात घेता येतं. न्यायाधीश बहुधा मुलाशी स्वतःच्या दालनात बोलतात. मुलाला उत्तरं पढवून आणू नका. आठ वर्षांचं मूल ‘पप्पा आर्थिक जबाबदारी घेत नाहीत’ असं म्हणालं की हे वाक्य कुठून आलं ते कोणालाही कळतं. बोलावलं नसेल त्या तारखेला मुलाला कोर्टात आणूच नका. तिथल्या बाकावर पाच तास काढणं ही शिक्षा आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने मुलांच्या भेटी आणि ताब्याबाबत मार्गदर्शक सूचना व संगोपन आराखडा स्वीकारला आहे. त्याच्या धर्तीवर आपला आराखडा बारीक लिहा. ‘वाजवी भेट’ असं लिहिलं की भांडण ठरलेलं. दर महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा, घेणं-सोडणं अमुक सोसायटीच्या फाटकाशी. बुधवारी रात्री आठला वीस मिनिटं व्हिडिओ कॉल. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, लक्ष्मीपूजन यंदा एकाकडे तर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे. गणपतीत मूळ गावी नेण्याचे दिवस. मे महिन्याचे पंधरा-पंधरा. आजारी पडलं तर हुकलेली भेट कधी भरायची तेही.

तडजोड करताना

परस्पर संमतीने घटस्फोट घेताना ‘मुलासाठी काहीही मागणार नाही’ असं आईकडून लिहून घेतलं जातं. मुलाचा हक्क आई सोडून देऊ शकत नाही. पण ते वाक्य एकदा लिहिलं की पुढे खोडायला वेगळी लढाई लागते, म्हणून लिहूच नका.

अटींत चार गोष्टी असल्याच पाहिजेत. दरवर्षी जूनमध्ये वाढ, टक्क्यांत लिहिलेली. शाळेची फी वडील थेट शाळेला भरणार की मासिक रकमेतच धरली आहे. आरोग्य विमा कोण काढणार आणि विम्याबाहेरचं बिल कोणत्या प्रमाणात वाटायचं. पैसे कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात. वाढीची अट नसली तर पहिलीतल्या मुलासाठी ठरलेले १०,००० आठवीतही दहाच राहतात आणि मग परिस्थिती बदलली म्हणून कलम १४६ खाली नवा अर्ज करत बसावं लागतं.

एकरकमी घेऊन मोकळं व्हायचा मोह दोघांनाही असतो. मुलाच्या बाबतीत आम्हाला तो पटत नाही. घ्यायचीच असेल तर मुलाच्या नावे मुदत ठेव करून व्याज शिक्षणाला जाईल अशी अट घाला.

थकबाकी वसूल करणं

आदेशाची एक प्रत विनामूल्य मिळते, ती घेऊन ठेवा. हप्ता चुकला की कलम १४७ खाली वसुलीचा अर्ज. यात एक सापळा आहे: वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल, देईल’ म्हणत दीड वर्ष थांबलात तर पहिले सहा महिने या मार्गाने हातचे जातात. चार महिने थकले की अर्ज टाका, मग दर चार महिन्यांनी नवा. सोबत तक्ता जोडा: महिना, देय, मिळाले, बाकी, आणि बँकेचा उतारा.

न्यायालय आधी मालमत्तेवर वॉरंट काढू शकतं आणि तरी पैसे आले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. आत जाऊन आला म्हणजे फिटलं, असं वडिलांना कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. कैद हे वसुलीचं साधन आहे, बाकी तशीच राहते. पगारदार असेल तर कैदेपेक्षा पगारातून कपात मागा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० मध्ये न्यायालय थेट कंपनीला आदेश देऊ शकतं. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जात, इतर कर्जांसाठी पगाराला बरंच संरक्षण असतं, पण पोटगीसाठी फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो, बाकीचा जप्त होऊ शकतो.

नोकरी बदलली की कपात थांबते. नवी कंपनी कोणती हे कळायला कधी महिने जातात. म्हणून आदेशातच ‘नोकरी किंवा पत्ता बदलल्यास पंधरा दिवसांत कळवावे’ ही ओळ मागून घ्या.

अठरावा वाढदिवस

१४४ ची रक्कम मूल अठरा पूर्ण करतं त्या दिवशी थांबते. पुष्कळ मुलांचा हा दिवस बारावीच्या वर्षात किंवा त्यानंतर लगेच येतो, म्हणजे अभियांत्रिकी किंवा कॉमर्सच्या प्रवेशाची फी भरायची वेळ आणि पोटगी बंद होण्याची वेळ एकच. मुलीसाठी हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० चा अर्ज वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधी तयार ठेवा. मुलासाठी असा सरळ हक्क नाही, म्हणून तडजोडीच्या अटींत ‘पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत किंवा वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत, यातलं जे आधी’ असं वडिलांकडून कबूल करून घ्या. मूल पहिलीत असताना ही ओळ कोणाला सुचत नाही, आणि कबूल करायला वडील तयार असतात ते तेव्हाच.